प्रालेय आणि प्रलय

शास्त्रीय विषयांवर मराठींत लिहिणाऱ्यांची संख्या अलीकडे पुष्कळ वाढली आहे, आणि ही गोष्ट आनंदाची आहे याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. १८४० मध्यें बाळशास्त्री जांभेकरांनीं ‘दिग्दर्शन’ मासिक काढलें, १९२८ मध्यें पुण्यास ‘सृष्टिज्ञान’ निघालें, १९६६ मध्यें मुंबईस मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. या परंपरेचा वारसा सांगणाऱ्या लेखकांस आतां वर्तमानपत्रांतहि सहज जागा मिळते. परंतु लेखन वाढलें म्हणून टीका थांबावी असें नाहीं. कवितेंत एखादें वृत्त चुकलें तर आमचे टीकाकार लेखणी सरसावून पुढें येतात; कादंबरींतील नायिकेच्या स्वभावांत विसंगति दिसली तर महिनोगणती वाद चालतो; मात्र शास्त्रीय लेखांतील एखादें वाक्य अर्धवट किंवा उलटें असलें तर तें तपासणें हें वाङ्मयसमीक्षेचें काम नव्हे अशी आमची समजूत दिसते. ती समजूत आम्हांस मान्य नाहीं. वाक्य हें वाक्यच आहे, मग तें नायिकेविषयीं असो कीं बर्फाविषयीं. आणि आज आम्ही बर्फाविषयींच लिहिणार आहों.

ज्या प्रश्नाविषयीं बोलावयाचें तो वरवर पाहतां पोरकट वाटेल. पाण्यावर तरंगणारा बर्फ वितळला तर पाण्याची पातळी वाढेल, उतरेल, कीं होती तशीच राहील? या प्रश्नाभोंवतीं आमच्याकडे दोन तऱ्हांचें लेखन तयार झालें आहे. पहिली तऱ्हा भयानक रसाची. तींत उत्तर ध्रुवाकडील बर्फ वितळतो, एकटें अस्वल एका तुकड्यावर उभें असतें, आणि पुढच्याच वाक्यांत मुंबईच्या गेट-वे ऑफ इंडियाच्या कमानींतून लाटा आंत शिरतात. दुसरी तऱ्हा हास्यरसाची, निदान तिच्या कर्त्यांस तसें वाटतें. तींत लेखक सरबताचा पेला पुढें करतो, त्यांत बर्फाचा खडा टाकतो, आणि ‘पाहा, खडा विरला तरी पेला सांडला नाहीं, तेव्हां समुद्र वाढण्याची ही सारी आवई खोटी’ असें म्हणून विजयी मुद्रेनें सरबत पिऊन टाकतो. सोलापुरासारख्या गांवीं, जेथें वैशाखांत पारा चाळिशी ओलांडून दोन-तीन अंश वर चढतो आणि भुशांत व गोणपाटांत गुंडाळलेली बर्फाची लादी ही चैनीची वस्तु न राहतां गरजेची होते, तेथें हा दुसरा पक्ष विशेष बळकट आहे. त्याचा पुरावा कोणासहि घरीं पाहतां येतो, आणि पाहून झाल्यावर पितांहि येतो.

प्रथम या दुसऱ्या पक्षाचा विचार करूं, कारण त्याच्या हातांत एक खरी गोष्ट आहे. गोड्या पाण्यावर तरंगणारा शुद्ध बर्फ वितळल्यानें पातळी वाढत नाहीं. परंतु कां वाढत नाहीं हें सांगतांना हे लेखक जें करतात तें पाहण्यासारखें आहे. बहुतेक ठिकाणीं आर्किमिडीज नहाणीघरांतून धांवत बाहेर येतो, ‘युरेका’ म्हणून ओरडतो, त्याचा सिद्धान्त जाड ठशांत छापला जातो, आणि ‘म्हणून पातळी वाढत नाहीं’ असें सांगून लेख पुढें सरकतो. सिद्धान्त आणि ‘म्हणून’ यांच्यामध्यें जी पायरी आहे तीच नेमकी गाळलेली असते. वाचकास सिद्धान्त पाठ होतो. बर्फ मात्र त्याला कळत नाहीं.

ती पायरी अशी आहे. बर्फाचा तुकडा तरंगूं लागला कीं त्याचा बराचसा भाग पाण्याखालीं जातो. म्हणजे तो पाण्यांत स्वतःपुरता एक खळगा करून बसतो. आतां कल्पनेनें तो तुकडा अलगद उचलून घ्यावा आणि खळगा मात्र तसाच राहिला आहे असें समजावें. तो बुजविण्यास किती पाणी लागेल? भोंवतालचें पाणी खळग्याच्या भिंतींवर सर्व बाजूंनीं रेटा देत आहे. आंत बर्फ आहे कीं पाणी आहे याची त्याला दाद नाहीं. बर्फ नव्हता तेव्हां त्या जागीं पाणीच होतें, आणि हाच रेटा त्या पाण्याचें वजन तोलून धरीत होता. आज तोच रेटा बर्फाचें वजन तोलतो. तेव्हां खळगा भरणारें पाणी आणि संपूर्ण बर्फ, म्हणजे वर दिसणारें डोकें धरून सगळा बर्फ, यांचें वजन सारखें असलेंच पाहिजे. वितळल्यानें बर्फाचें वजन कमीजास्त होत नाहीं. त्याचें फक्त पाणी होतें, आणि तें पाणी त्या खळग्यांत नेमकें मावतें. एक किलो बर्फाचें आकारमान सुमारें १,०९० मिलिलिटर भरतें. त्यांपैकीं १,००० मिलिलिटर पाण्याखालीं आणि ९० वर. वितळल्यावर पाणी होतें तें १,००० मिलिलिटरच. वर दिसणारे ते ९० कोठें गेले असें मुलें विचारतात, आणि हा प्रश्न पुष्कळ प्रौढांच्या प्रश्नांहून चांगला आहे. पाणी गोठतांना फुगतें. जेवढें तें फुगलें होतें तेवढेंच डोकें वर आलें होतें, आणि वितळतांना ती फूग उतरली. यास समीकरण लागत नाहीं.

पेल्याच्या पक्षाचें दुसरें लक्षण म्हणजे ‘प्रयोगानें सिद्ध’ हे शब्द तो फार सैल हातानें वापरतो. सोलापुरांत मे महिन्याच्या दुपारीं माठांत न ठेवलेलें पाणी ३५ अंशांचें असणें कांहीं विशेष नाहीं. असें २०० ग्रॅम पाणी पेल्यांत घेऊन त्यांत ५५ ग्रॅम बर्फ टाकला तर सगळा बर्फ वितळून पाणी सुमारें १० अंशांवर येतें. आतां ऊन पाणी थंड झालें म्हणजे आकसतें. या हिशेबांत तें सुमारें दीड मिलिलिटरानें आकसतें, आणि पेल्याचें तोंड ३० चौरस सेंटिमीटर असेल तर पातळी अर्धा मिलिमीटर उतरते. शिवाय येथील कोरड्या हवेंत थोडें पाणी उडून जातें तें वेगळेंच. तेव्हां ज्यानें खरोखर बारीक पट्टी लावून मोजलें असेल त्याला पातळी ‘तंतोतंत तितकीच’ दिसणार नाहीं; ती केसभर उतरलेली दिसेल. लेखांत ‘तंतोतंत’ हा शब्द आढळला कीं लेखकानें पट्टी लावलेली नाहीं असें आम्ही समजतों. बर्फाचा स्वतःचा परिणाम तेवढा पाहावयाचा असेल तर पाणी आधींच बर्फाइतकें गार करून घ्यावें लागतें. ही सूचना एका ओळीची आहे, पण ती आम्हांस क्वचितच वाचावयास मिळाली.

खळग्याचा विचार एकदां पक्का झाला कीं पुढचीं कोडीं फारशीं अवघड राहत नाहींत. बर्फांत खडा गोठलेला असेल तर तो वितळल्यावर पातळी उतरते. कारण बर्फाच्या खांद्यावर बसलेला असतांना खडा आपल्या वजनाइतकें पाणी हटवीत होता, तळाशीं गेल्यावर फक्त आपल्या आकाराइतकें हटवितो. बुडबुडे असले तर कांहींच फरक पडत नाहीं. १८३३ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील बोस्टनहून ‘टस्कनी’ नांवाचें गलबत सुमारें १८० टन बर्फ घेऊन निघालें आणि सप्टेंबरांत कलकत्त्यास पोंचलें तेव्हां त्यांतील सुमारें १०० टन शिल्लक होता. पुढच्याच वर्षीं मुंबईकरांनींहि असा परदेशी बर्फ चाखला. वाटेंत वितळलेलें तें ८० टन पाणी गलबताच्या तळांतच राहिलें असतें तर गलबत होतें तितकेंच बुडून राहिलें असतें. उपसून बाहेर टाकलें म्हणजे गलबत वर येतें, आणि समुद्रास जी जागा मोकळी मिळाली तींत तें पाणी सामावतें. इंग्रजी राजवटीच्या इतिहासांत ही बर्फाची आयात साहेबांच्या चैनीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. तिच्यांत पदार्थविज्ञानाचा असा एक सुंदर धडा आहे याकडे कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं.

गलबताच्या हिशेबांत आम्हीं एक गोष्ट बाजूस ठेविली. समुद्राचें पाणी गोडें नाहीं. एक लिटर समुद्रजलाचें वजन सुमारें १,०२५ ग्रॅम भरतें. म्हणून एक किलो बर्फ तोलण्यास तेथें १,००० ऐवजीं ९७६ मिलिलिटरांचाच खळगा पुरतो. बर्फ मात्र बहुतांशीं गोडा असतो. जमिनीवरून आलेला तर गोडाच, पण समुद्र स्वतः गोठतो तेव्हांहि तो मीठ बरेंचसें बाहेर टाकतो. बर्फाच्या कारखान्यांत पत्र्याचे डबे ज्या हौदांत सोडतात त्यांतलें खारें पाणी शून्याच्या खालीं जाऊनहि गोठत नाहीं हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस मीठ आणि बर्फ यांचें वैर सांगावयास नको. तेव्हां किलोभर बर्फ वितळून लिटरभर गोडें पाणी झालें कीं खळगा भरून २४ मिलिलिटर उरतें. समुद्रांत तरंगणारा बर्फ वितळल्यानें समुद्र वाढतो. थोडा वाढतो, पण वाढतो. २००७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबाप्रमाणें जगांतील सगळा तरंगता बर्फ वितळला तर ही वाढ सुमारें ४ सेंटिमीटर होईल. आणि २०१० मधील एका अभ्यासाप्रमाणें त्या सुमारास ती वर्षाला मिलिमीटराच्या विसाव्या भागाइतकी होत होती. आंकडा क्षुद्र आहे हें आम्हांस कबूल आहे. परंतु ‘मुळींच नाहीं’ आणि ‘फार थोडें’ यांत शास्त्रांत अंतर असतें, तें लिहितांनाहि राहिलें पाहिजे.

मात्र पेल्याच्या पक्षाची खरी चूक याहून पुष्कळ मोठी आहे, आणि ती समजण्यासाठीं सोलापूरकरांस ध्रुवावर जाण्याचें कारण नाहीं. आमच्या भागांत आकाशांतून बर्फ येतो तो गारांच्या रूपानें. मार्च २०१४ मधील गारपिटीनें जिल्ह्यांतील द्राक्षें आणि डाळिंबें कशीं झोडपलीं हें येथील बागाइतदार विसरलेले नाहींत. तशीच गारपीट सिद्धेश्वराच्या तळ्यावर किंवा हिप्परग्याच्या तलावावर झाली असें समजा. पाण्यांत पडलेल्या गारा पडतांक्षणीं पातळी वाढवितात. त्यानंतर त्या तरंगत तरंगत विरून जातात तेव्हां पातळी हलत नाहीं. काठावर पडलेल्या गारांचें उलट आहे. त्या पांढऱ्याशुभ्र पसरून राहतात तोंवर तलावास त्यांचा पत्ताहि नसतो. ऊन पडून त्या वितळल्या आणि पाणी उतारानें आंत आलें म्हणजे तलाव वाढतो. ढग एकच, गार एकच. ती पडली कोठें एवढ्यावर सगळें अवलंबून आहे. सरबताच्या पेल्यास काठ नाहीं. पेल्यावरून समुद्राचा निकाल देणारा लेखक खोटें बोलत नाहीं. तो अर्धा तलाव पाहून बोलतो.

पृथ्वीच्या या तलावाच्या काठावर गारांचे दोन प्रचंड ढीग आहेत. ग्रीनलंडवरील बर्फाचें सगळें पाणी समुद्रांत आलें तर समुद्र सुमारें ७ मीटर वाढेल; अंटार्क्टिकावरील बर्फाचें आलें तर सुमारें ५८ मीटर. तें सगळें उद्यां येणार असें कोणीहि जाणता म्हणत नाहीं. त्यास हजारों वर्षें लागतील. पण त्याचा लहानसा अंश येऊं लागलेला आहे, आणि लहानसा अंश म्हणजे किती हें ५८ मीटरांच्या मानानें मोजावयाचें असतें, पेल्याच्या मानानें नव्हे.

तरंगता बर्फ आणि टेकलेला बर्फ यांतील हा भेद आमच्या लोकांनीं प्रत्यक्ष राहून अनुभवलेला आहे. १९८१-८२ मध्यें डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालीं भारताची पहिली मोहीम अंटार्क्टिकास गेली आणि १९८३-८४ मध्यें ‘दक्षिण गंगोत्री’ हें पहिलें ठाणें तेथें उभें राहिलें. हें ठाणें जमिनीवर नव्हतें. जमिनीवरून सरकत आलेला बर्फ समुद्रावर तरंगत पसरून जो जाड हिमपट तयार होतो त्यावर तें होतें. वर्षानुवर्षें त्यावर हिम सांचत गेलें, ठाणें त्याखालीं गाडलें जाऊं लागलें, आणि १९९० मध्यें तें सोडावें लागलें. पुढचीं दोन्ही ठाणीं, १९८९ चें ‘मैत्री’ आणि २०१२ चें ‘भारती’, खडकावर बांधलीं आहेत. या सर्व कामाचें केंद्र गोव्यांत, वास्को येथें आहे, म्हणजे मराठी वाचकाच्या अंगणांतच. असें असतां अंटार्क्टिकाविषयींच्या मराठी लेखांत पेंग्विन पक्ष्यांस जेवढ्या ओळी मिळतात त्याच्या दशांशहि या एका गोष्टीस मिळत नाहींत, याचें आम्हांस नवल वाटतें. पेंग्विन पक्षी मोहक असतात हें खरें आहे.

आणि या हिमपटांविषयीं आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून पेल्याचा पक्ष पुरता निकालांत निघत नाहीं. हिमपट तरंगता आहे, म्हणून तो वितळला काय आणि तुटला काय, समुद्रास तो जवळजवळ कांहींच देत नाहीं. पण त्याच्या मागें जमिनीवर हिमनद्या असतात, आणि पुढें हिमपट अडून बसलेला असतो म्हणून त्या सावकाश सरकतात. २००२ च्या आरंभीं अंटार्क्टिका द्वीपकल्पाजवळील ‘लार्सन बी’ नांवाच्या हिमपटाचा ३,००० चौरस किलोमीटरांहून अधिक भाग अवघ्या कांहीं आठवड्यांत चुरा होऊन गेला. त्यानें समुद्र वाढला नाहीं. परंतु त्याच्या मागच्या हिमनद्यांचा वेग पुढें कित्येक पटींनीं वाढला, आणि त्यांचा बर्फ टेकलेला होता. दाराचा अडसर स्वतः घरांतलें कांहीं चोरीत नाहीं. म्हणून तो निघाला तरी चिंता नाहीं असें कोणी घरमालक म्हणेल काय?

आतां पहिल्या पक्षाकडे वळूं. त्याची भीति खरी आहे, चित्र मात्र खोटें आहे. अस्वल ज्यावर उभें असतें तो बर्फ तरंगता असतो. मुंबईस भिववावयाचें तर तो तुकडा सर्वांत निरुपद्रवी. (त्याचा अपाय निराळा आहे. पांढरा बर्फ ऊन परत फेंकतो, काळें पाणी तें पिऊन घेतें, आणि त्यामुळें तापमान आणखी चढतें. पण हें कोणी लिहीत नाहीं.) १९०१ पासून २०१८ पर्यंत जगांतील समुद्रांची सरासरी पातळी सुमारें २० सेंटिमीटर वाढली. २००६ ते २०१८ या काळांत ती वर्षाला ३.७ मिलिमीटरांच्या वेगानें वाढत होती, म्हणजे विसाव्या शतकांतील सरासरीच्या दुपटीहून अधिक. आणि वाचकांस ऐकून आश्चर्य वाटेल, १९७१ पासूनच्या वाढीपैकीं अर्धी वाढ कोणत्याच बर्फापासून आलेली नाहीं. समुद्र तापला आणि तापून फुगला एवढेंच. पेल्यांतलें पाणी गार होऊन अर्धा मिलिमीटर उतरलें त्याचीच ही दुसरी बाजू. पेल्याच्या पक्षानें पट्टी लाविली असती तर ती त्यास घरबसल्या सांपडली असती. उरलेल्या वाढींतला मोठा वांटा पर्वतांवरील हिमनद्या आणि वर सांगितलेले दोन ढीग यांचा.

तेव्हां कमानींत शिरणारी लाट हें चित्र आम्हांस अमान्य आहे तें समुद्र वाढत नाहीं म्हणून नव्हे. तो असा नाटकी रीतीनें येत नाहीं म्हणून. गोव्याच्या खाजण जमिनींत आणि कोंकणांतील खारांत शेतकऱ्यानें पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून, मानशीचीं दारें उघडझांप करून भरतीचें पाणी बाहेर ठेविलें आणि आंत भात पिकविलें. त्या बांधांची उंची भरतीच्या अनुभवावरून ठरलेली आहे. भरतीची रेघ वीतभर वर सरकली म्हणजे बांध वाहून जात नाहीं. वर्षांतून एकदां पाणी वरून येत असे तें चारदां येतें, शेत खारें होतें, आणि एके वर्षीं पेरणेंच सोडून द्यावें लागतें. हें भयानक रसांत बसत नाहीं, पण खरें असें घडतें. ज्यास लिहितां येतें त्यानें हें लिहावें.

सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांहून उंच आहे. सगळे ढीग वितळले तरी समुद्र येथवर पोंचत नाहीं. आमच्या भीमेस तर बर्फाचा संबंधच नाहीं. ती सह्याद्रींत भीमाशंकरीं उगम पावते आणि पावसावर वाहते. हिमालयांतील नद्यांचें वर्णन उचलून ‘हिम वितळून आमच्या नद्यांस पूर’ असें सरसकट लिहिणाऱ्यांनीं उजनीचें धरण कशानें भरतें हें एकदां पाहून यावें. असें असूनहि हा प्रश्न आमचा आहे. सोलापुरांत असें घर विरळा ज्याचा एक तरी मुलगा, भाऊ किंवा जांवई मुंबईस नाहीं. आणि मुंबईचा पुष्कळसा भाग मूळचा समुद्रांत भर टाकून केलेला आहे. तेथें जागा घेऊं पाहणाऱ्या तरुणास घरच्या वडील माणसानें सरबताच्या पेल्यावरून धीर द्यावा, आणि तो पेला एखाद्या लेखांतून त्यांच्या हातीं आलेला असावा, हा प्रकार आम्हांस थट्टेचा वाटत नाहीं.

भाषेविषयीं दोन शब्द. ‘हें तर हिमनगाचें टोक’ हा वाक्प्रचार आज राजकीय स्तंभांत इतका माजला आहे कीं एकहि लांचेचें प्रकरण त्यावांचून छापून येत नाहीं. तो इंग्रजींतून उचललेला आहे हा आमचा मुख्य आक्षेप नव्हे. शब्द चांगला असेल तर कोठूनहि यावा. आक्षेप असा कीं ‘नग’ म्हणजे जो जात नाहीं तो, पर्वत. आणि हिमनग तर सदा प्रवासांत असतो. त्याचा सुमारें नऊदशांश भाग पाण्याखालीं असतो हें खरें, पण तो लपलेला भाग समुद्राच्या हिशेबांत आधींच जमा झालेला आहे. त्याचें भय १९१२ सालच्या ‘टायटॅनिक’सारख्या जहाजास, समुद्रास नव्हे, आणि किनाऱ्यासहि नव्हे. शब्द रूढ झाला आहे, तो बदलण्याचा हट्ट आम्ही धरीत नाहीं. परंतु समुद्राचें पाणी गोठून झालेला तो सागरी बर्फ, जमिनीवर बसलेला तो हिमस्तर, उतारावरून सरकणारी ती हिमनदी, समुद्रावर पसरलेला तो हिमपट, आणि त्यापासून तुटून निघालेला तो हिमनग, एवढे पांच शब्द आपल्याजवळ असतांना सगळ्यांस ‘बर्फ’ म्हणून मोकळें होणें हें आळसाचें लक्षण होय. या लेखांत सांगितलेले बहुतेक घोटाळे या एका आळसांतून निघालेले आहेत.

संस्कृतांत हिमास ‘प्रालेय’ असा एक शब्द आहे. पाणिनीनें तो ‘प्रलय’ शब्दापासून साधिला आहे. आणि प्रलय हा ‘ली’ धातूपासून, विरणें, लीन होणें या अर्थाच्या. लोकमान्य टिळकांनीं १९०३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या आर्यांच्या ध्रुवप्रदेशांतील मूलस्थानाविषयींच्या इंग्रजी ग्रंथांत या व्युत्पत्तीकडे बोट दाखविलें आहे. अवेस्तांत यिमास जी सूचना मिळते ती भयंकर हिंवाळ्याची आणि हिमाची. शतपथ ब्राह्मणांत मनूस मत्स्य जी सूचना देतो ती जलप्रलयाची. या दोन्ही एकाच आपत्तीच्या आठवणी होत असें टिळक म्हणतात, आणि हिमाचा शब्द प्रलयाच्या शब्दापासून निघाला हें त्यास एक प्रमाण म्हणून देतात. त्यांचा मूळ सिद्धान्त आज विद्वानांत मान्य नाहीं, तो वाद येथें उकरून काढण्याची आमची इच्छाहि नाहीं. परंतु व्युत्पत्तीची ही जोड वाचतांना कोणासहि क्षणभर थांबावें असें वाटेल इतकी ती सुंदर आहे. आणि तीस जी अडचण येते ती व्याकरणांतून येत नाहीं, सिद्धेश्वराच्या तळ्याच्या काठावरून येते. जमिनीवर हिम सांचतें तेव्हां तें पाणी समुद्रांतून उचललेलें असतें, म्हणून समुद्र उतरतो. सुमारें वीस हजार वर्षांपूर्वीं, बर्फ अत्यंत वाढलेला असतांना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षां १२० मीटरांहून अधिक खालीं होती. पुढें तो बर्फ वितळत गेला तसतसा समुद्र चढत गेला, आणि सात हजार वर्षांपूर्वीं तो आजच्या पातळीजवळ येऊन बहुतेक स्थिरावला. म्हणजे हिमाचा प्रलय आणि पाण्याचा प्रलय एका वेळीं येत नाहींत. एक ओसरतो तेव्हां दुसरा येतो, आणि दोहोंमध्यें हजारों वर्षें जातात. यिमास मिळालेली सूचना आणि मनूस मिळालेली सूचना एकाच दिवसाची असूं शकेल असें आम्हांस वाटत नाहीं.